घागरीला एक मूठ मीठ

उखर्डू हे नाव काही कोणी हौसेनं ठेवत नाही. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून धुरपदाबाईनं चौथ्याला जन्मल्या दिवशीच घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं त्याला सुपात उचलून आणलं आणि धुरपदाबाईनं पसाभर कोंडा देऊन आपलंच पोर तिच्याकडून विकत घेतलं. टाकलेल्या पोराला मरणही हात लावत नाही, असा आमच्याकडचा समज. आता समज खरा म्हणा की खोटा म्हणा, उखर्डू जगला, आणि त्याच्या पाठचा भटूही जगला. तेव्हापासून आपण मरणाला एकदा फसवलंय ही घमेंड धुरपदाबाईच्या अंगात मुरली ती मुरलीच. दुखण्याखुपण्यातलं तिला सगळं कळतं, असं घरात ठरून गेलं होतं. अंजनी नदीच्या काठचं एवढंसं गाव ते, एरंडोलपासून दोन कोसांवर. तिथं तिच्या शब्दाला वैद्याच्या शब्दापेक्षा जास्त वजन होतं.

शेतावर भटू होता, म्हणून उखर्डू धुळ्याला रतिलाल शेठच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. तिसऱ्याच वर्षी सरकी काढायच्या रेच्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं उखर्डूला घरकामाला ठेवून घेतलं: पाणी भर, बाग शिंप, दिवाणखाना पूस. बायको मंजुळा आणि एकुलती एक पोर शेवंता गावीच राहिली, म्हातारीच्या हाताखाली.

एकतीस-बत्तीस साल असेल. शेठ मुंबईला गेले आणि येताना भलतंच काही घेऊन आले. चाळीसगावला गाडी बदलून, गवतात गुंडाळलेली एक मोठी काचेची पेटी आणि पत्र्याच्या डब्यात आठ लालसोनेरी मासे! वैष्णवाचं घर ते. घरात कांदा चिरला तरी शेठच्या आई, मोटीबा, डोक्यावरून आंघोळ करायच्या. त्या घरात मासे! अख्ख्या गल्लीला चेष्टेला विषय मिळाला. जो तो उखर्डूला विचारी, "काय रे, शेठकडे रस्सा कधी?" उखर्डू हसायचा आणि पेटीत पाणी ओतायचा. तो काचेचा हौद सांभाळायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. शेठबरोबर इंग्रजी माहितीचं एक चोपडंही आलं होतं म्हणे, पण ते वाचतो कोण!

पहिल्या दोन महिन्यांत तीन मासे गेले. मोटीबा म्हणाल्या, नजर लागली. कसली नजर न् कसलं काय! माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, एवढं घरातल्या बायकांना ठाऊक. नदी लांब, आणि पुण्य तर दिवाणखान्यात आलेलं. मग काय, सकाळी थोरली सून गोळ्या टाकी, दुपारी धाकटी टाकी, एकादशीला तर मोटीबा स्वतः पाट घेऊन बसत. खाऊन खाऊन माशांची पोटं फुगत, उरलेली कणीक तळाशी कुजे, पाण्याला वास मारे. उखर्डूला ते दिसत होतं. पण शेठाणीला 'टाकू नका' म्हणण्याची गड्याची काय टाप? त्यानं दुसराच डाव टाकला. हात जोडून, चेहरा गंभीर करून म्हणाला, "मोटीबा, हे मासे मुंबईच्या देवळातले आहेत. ते एकादशी धरतात, सोमवारही धरतात. त्या दिवशी त्यांच्या तोंडात अन्न गेलं तर पाप खाऊ घालणाऱ्याला लागतं." मोटीबांनी कानाला हात लावले. त्या दिवसापासून माशांना एकच वेळ, चिमटीभर, आणि तेही उखर्डूच्या हातानं. मासे टुणटुणीत झाले.

खोटं बोलायला उखर्डू असा पटाईत. पण ते शेठच्या घरात.

मग पावसाळा सरता सरता माशांच्या अंगावर पांढरे पुरळ उठले. बारीक, मिठाचे कण शिंपडल्यासारखे. मासे तळाच्या दगडाला अंग घाशीत, वर येऊन तोंड उघडझाक करीत. मोटीबांनी चष्मा लावून पाहिलं आणि एकदम पदर पसरून नमस्कार केला. "देवी आल्या," म्हणाल्या. आणि हुकूम सुटला: पेटीवर लिंबाचा पाला बांधा, घरात फोडणी नको, तळण नको, आणि माशांना औषध तर मुळीच नको. देवी आपण होऊन आल्या, आपण होऊन जातील. दोन दिवस शेठच्या घरात बिनफोडणीचं वरण शिजलं, माशांपायी! आता बोला.

इकडे दोन मासे उलटे होऊन तरंगले. उखर्डूचा जीव तुटायला लागला. त्याला माशांचं एवढं काय पडलं होतं, असं विचाराल तर त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दोन बोटं गेल्यापासून त्याच्या हाताला नावं ठेवणारे पुष्कळ होते. त्या हाताला ओळखून वर येणारे हे तीनच जीव धुळ्यात उरले होते. लहानपणी बैलाच्या खुरात किडे पडले की बाप मिठाच्या पाण्यानं धुवायचा, हे त्याला आठवलं. मोटीबा दुपारी लवंडल्या की तो एकेक मासा परसात नेई, गंगाळातल्या पाण्यात मीठ विरघळवून त्यात सोडी, आणि त्या उठायच्या आत परत पेटीत आणून ठेवी. पहिल्याच दिवशी मीठ जास्त झालं आणि एक मासा त्याच्या ओंजळीतच गेला. तो रात्री जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. कमी करत करत त्याचं प्रमाण जुळलं: घागरीला एक मूठ मीठ, आणि पाणी असं एक दिवस उन्हात ठेवलेलं. आठ दिवसांत पुरळ गेले. मोटीबांनी देवीची ओटी भरली आणि उखर्डूला प्रसादाचा नारळ दिला. त्यानं तो तोंड पाडून घेतला.

पुढं मासे वाढवले, आणखी आणवले. शेपट्या झडायला लागल्या तेव्हा तो सरकारी दवाखान्यातल्या तोताराम कंपाउंडरला जाऊन भेटला. साथीच्या दिवसांत विहिरीत टाकतात ती लाल दवा तोतारामनं पुडीत बांधून दिली आणि म्हणाला, "सुईच्या टोकावर राहील एवढीच घाल. पाणी गुलाबी दिसलं पाहिजे, जांभळं झालं तर तुझे मासे गेलेच समज." तेही जमलं. एका वकिलाच्या घरची आणि एका पारशी बंगल्यातली अशा आणखी दोन पेट्यांसाठी उखर्डूला बोलावणी यायला लागली. पाण्यातल्या माशाचं दुखणं कोणाला दिसतं? ते त्याला दिसे. पर मिटलेत, कोपरा धरलाय, खाणं तोंडात घेऊन टाकतोय. एवढ्यावरून तो सांगे. गावी गेला की शेवंताला सगळं हाताच्या खुणा करून दाखवी, आणि ती नऊ वर्षांची पोर आपले गाल फुगवून मासा होई. बापलेकीचा तो खेळ पाहून धुरपदाबाई नाक मुरडी. "मासासना वैद्य!" म्हणे. "गाव हससे तुले."

पस्तीसच्या ज्येष्ठात साथ आली. पाऊस लांबलेला, अंजनीत डबकी उरलेली, आणि एरंडोलकडून मरी गावोगाव पसरत आली. मरी म्हणजे पटकी. उखर्डू त्या सकाळी परसात तीन मासे गंगाळात घेऊन बसला होता. शेपट्या झडलेले, मिठाच्या पाण्यात ठेवलेले. इतक्यात भटू दारात उभा राहिला. सर्व्हिस मोटारीनं आला होता, तोंडावर धूळ, डोळे लाल.

"भाऊ, शेवंताले मरी लागनी," तो म्हणाला. "कालदिसपासून ओकाऱ्या न् जुलाब. तुले बलावस. मोटर उभी शे, चाल."

शेठ म्हणाले, जा. दुसऱ्या गड्याला त्यांनी माशांचं पाणी बदलायला सांगितलं. सरकारी दवाखाना मोटारीच्या वाटेवरच होता, पण तिथं उतरायचं उखर्डूच्या मनातही आलं नाही. मरीचा रोगी दवाखान्यात गेला की चौघांच्या खांद्यावरच बाहेर येतो, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक होतं.

घरी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. शेवंता ओसरीवर घोंगडीवर पडली होती. एका दिवसात पोरीचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतलेली, ओठांवर पांढरी सालं. बापाला पाहून तिनं मान हलवली. "दादा, पानी," एवढंच म्हणाली. आवाज कसला तो, नुसता श्वास.

ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता आणि त्या माठाला टेकून धुरपदाबाई बसली होती. उठत नव्हती, कोणाला उठवू देत नव्हती. मरीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही. पाणी पाजलं की ओकारी वाढते आणि जीव त्या पाण्याबरोबर बाहेर पडतो, हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, तिच्या आईच्या आईनं तिला. म्हातारी दुष्ट होती असं कोणी समजू नये. नातीवर तिचा जीव होता, रात्रभर ती तिचे हातपाय चोळत बसली होती, मरीआईला कोंबडं बोलली होती. पोर 'पानी' म्हणाली की हिच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागत. पण माठावरचा हात निघत नव्हता.

मंजुळा खांबाला धरून उभी होती. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा ना."

उखर्डू घरात गेला. चुलीजवळच्या मडक्यात त्यानं हात घातला, मागच्या रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं, त्यात चिमूट टाकली, ढवळली. कोणी सांगितलं होतं त्याला? कोणीच नाही. परसातल्या गंगाळात तोंड उघडझाक करणारे मासे त्याच्या डोळ्यांपुढं होते आणि ओसरीवर पोर तसंच तोंड उघडत होती, एवढंच. तांब्या घेऊन तो बाहेर आला.

"काय शे ते?" धुरपदाबाईनं विचारलं.

हा क्षण होता बघा. 'मरीआईचं तीर्थ' म्हणाला असता तर म्हातारीनं स्वतः हात जोडून ते पोरीच्या तोंडात घातलं असतं. चार वर्षं शेठच्या आईला ज्यानं बोटांवर खेळवलं, माशांना एकादशी धरायला लावली, त्या माणसाला एवढं एक खोटं सुचू नये? पण समोर मोटीबा नव्हत्या. आई होती. उकिरड्यावर टाकून त्याला जगवणारी. तो खरं बोलला.

"मीठपानी, माय. पाजी दखू. मासासले लागू पडस..."

"मासासना वैद्य शेस तू, मानसासना नई!" म्हातारी कडाडली. "तुले उकिरडावर टाकीसन जगाडं मी. माले शिकाडस? पोर मारानी शे का तुले?"

उखर्डूनं तांब्यात पाहिलं. मासा तो मासा आणि पोर ती पोर, हे त्यालाही पटलं. पहिला मासा ओंजळीत गेला होता तो आठवला. मीठ जास्त झालं तर? आणि म्हातारीचंच खरं असलं तर? मग त्यानं तांब्या ओसरीच्या कडेला रिता केला.

पोर बघत होती. पाणी जमिनीत जिरलं, तेव्हा तिनं हात लांब करून त्या ओल्या मातीला बोटं लावली आणि ती बोटं तोंडात घातली. मंजुळा किंचाळून आत पळाली. गुरं रानातून परतायच्या आत शेवंता गेली.

तेरावा करून उखर्डू धुळ्याला आला. परसातल्या गंगाळात तिन्ही मासे ठणठणीत. एकाच्या शेपटीला नवी पातळ किनार फुटत होती. खोटं कशाला बोला, एकेकाला फरशीवर आपटावं असं त्याला वाटलं. हातात घेतलाही होता एक. मग पेटीत सोडला.

धुळ्यातही साथ होती. पांझरेच्या काठी दवाखान्याचे तंबू लागले होते. शेठनं तिकडं कापूस पाठवला तो द्यायला उखर्डू गेला, तर तोताराम भेटला. त्याच्या हातात काचेची मोठी बाटली होती, आत नितळ पाणी.

"काय उखर्डू भाऊ, मासे काय म्हणतात?" तोतारामनं विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! आणि बाटली उचलून हसत म्हणाला, "बघ, तुझंच औषध चोरलंय आम्ही. मिठाचं पाणी. नसेतून आत सोडतो. आणि तीच लाल दवा, गोळी करून पोटात. सगळे वाचत नाहीत, पण पुष्कळ वाचतात."

"आणि प्यायला पाणी?" उखर्डूनं विचारलं.

"मागेल तितकं. अरे, पाणी निघून जातं म्हणून तर माणूस मरतो. उशीर झाला तरी घोट घोट द्यायचं, थांबायचं नाही. मीठ टाकलेली पातळ पेज दिली तर उत्तमच."

उखर्डू तिथंच तंबूच्या दोरीजवळ खाली बसला. तोतारामला वाटलं, ऊन लागलं. त्यानं प्यायला पाणी आणून दिलं. ते उखर्डूनं तसंच खाली ठेवलं.

हे त्यानं घरी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं? म्हातारीला सांगितलं तर ती जिवंतपणी मरणार, आणि मंजुळेला सांगितलं तर एका चुलीवर दोघी कशा राहणार? तीन वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं. माशांचं काम करी, पण हाताच्या खुणा करून माशांच्या गोष्टी सांगणं त्यानं सोडलं. पारशी बाबानं एकदा विचारलं, "तुला मुलंबाळं किती?" तर "नाही" म्हणाला, आणि घरी येऊन आपल्याच तोंडात मारून घेतली.

अडतीस साली मरी परत आली, आणि या खेपेला धुरपदाबाईलाच धरलं. निरोप येताच उखर्डू निघाला. पोचला तेव्हा म्हातारी गार पडत चालली होती, पोटऱ्यांत गोळे येत होते. तहानेनं जीभ बाहेर, पण पाणी पुढं केलं की दात घट्ट मिटी. "पानी नको. पानी नको." जे नातीला दिलं नाही ते स्वतःला कसं घ्यावं, असंही तिच्या मनात असेल, नसेलही. उखर्डूनं या वेळी ऐकलं नाही. मंजुळेला पेज पातळ करायला लावली, चुलीजवळच्या मडक्यातलं मीठ टाकलं, म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याच्या दांडीनं दात उघडून एकेक चमचा घालत राहिला. ओकली की पुन्हा घाली. ती त्याला शिव्या देत होती, ओरबाडत होती. दोन दिवस न् दोन रात्री तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी हातपाय ऊन झाले. चौथ्या दिवशी म्हातारीनं भाकरी मागितली.

गावानं बोटं तोंडात घातली. उखर्डूला मात्र आनंद करावा की रडावं कळेना. आई वाचली होती, आणि ती वाचली म्हणूनच आता सगळं उघडं पडणार होतं.

"काय दिधं रे माले?" धुरपदाबाईनं विचारलं.

"धुळानी दवा, माय," उखर्डू म्हणाला. "डाक्टरनी पुडी. नवीन निंघेल शे. मांगे नव्हती." या वेळी खोटं चटकन जमलं.

म्हातारीनं सुटकेचा श्वास टाकला. पण मंजुळा चुलीपुढं बसली होती. तीन वर्षं ती सासूपुढं मान वर करून बोलली नव्हती. ती उठली, मिठाचं मडकं उचलून आणलं आणि सासूपुढं ठेवलं.

"पुडी-बिडी काही नव्हती, आत्याबाई," ती म्हणाली. "हेच मीठ. आन् पानी. मी मन्हा हातनी पेज करी." एवढं बोलून ती ओसरीवर गेली आणि कोपऱ्यातल्या माठाजवळ बसून मोठ्यानं रडली, पोर गेली त्या दिवशी रडली नव्हती तशी.

त्या दिवसापासून म्हातारीनं मीठ सोडलं. भाकरी अळणी, डाळ अळणी. बायका विचारीत, कोणतं व्रत धरलं? ती म्हणे, मरीआईचं. शरीर खंगत चाललं.

पुढच्या सुटीत उखर्डू गावी आला तेव्हा त्याला ते बघवेना. विनवण्या केल्या, पाया पडला. म्हातारी अळणीच खात राहिली. मग एका दुपारी, ती हात धुवायला गेली तेवढ्यात, त्यानं तिच्या वाटीतल्या डाळीत हळूच चिमूटभर मीठ कालवलं आणि शेजारी काही न झाल्यासारखा बसून राहिला.

तिनं पहिला घास तोंडात घेतला. थांबली. तो घास गिळला, आणि ताट हलकेच पुढं सरकवलं. रागावली नाही. त्याच्या बोटं तुटलेल्या हातावर आपला हात ठेवला.

"माले आज फसाडस?" ती म्हणाली. "तवय फसाडाले जोयजे व्हतं रे, बाप."

उखर्डूनं ती वाटी उचलली, मागच्या दारी नेली, आणि रडत रडत ती डाळ स्वतः खाऊन टाकली.